भोपळा मी कापला

सलवा, कुवेत
शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५

ती. आईंना,

इथूनच वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत ते विचारत नाही, कारण तुम्ही "बरे आहेत" म्हणणार आणि प्रणयभावोजी मागून मान हलवणार. आम्ही इकडे ठीक. अक्षदाची सहामाही झाली. गणितात मार्क चांगले आहेत, मराठी बोल म्हटलं की मात्र तुमची नात अजून तोंड वाकडं करते. हवा आता छान झाली आहे, दुपारीही एसी लागत नाही.

रोज फोन होत असताना हे पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोन तुम्ही स्पीकरवर लावता आणि अर्धी वाडी ऐकते, म्हणून. आपल्या गावचा सुदेश, तो इथे अम्गऱ्याला सुतारकाम करतो ना, सोमवारी सुट्टीवर येतोय. त्याच्या हाती देते. चष्मा लावा आणि एकट्या असाल तेव्हाच वाचा.

परवा आमच्या क्लिनिकमधल्या डॉक्टर हिबाकडे जेवण होतं. बाई लेबनॉनची, पण लहानपण सगळं अमेरिकेत गेलं. तिकडे नोव्हेंबरात एका गुरुवारी आभार मानायचा सण असतो आणि त्या दिवशी पंपकिन पाय झालाच पाहिजे. म्हणजे मैद्याची जाड पारी, तिच्यात भोपळ्याचं गोड सारण, आणि ते ओव्हनमध्ये भाजायचं. दरवर्षी ती स्वतः करते. यंदा तिचा हात प्लॅस्टरमध्ये. "कोण करेल?" म्हणाली, तर लॅबमधून मीच हात वर केला. आपल्याला घारगे येतात, त्यात काय एवढं, असा माझा तोरा!

तिने डब्यातला भोपळा चालेल म्हणून सांगितलं होतं. मी जमियाच्या, म्हणजे इथल्या सहकारी भांडाराच्या, दुकानातून अख्खा आणला, चांगला चार किलोचा. ओट्यावर ठेवला, सुरी घेतली आणि हात थांबला. अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नाही, हे तुम्हीच शिकवलेलं. मामंजी गेल्यावरसुद्धा तुम्ही शेजारच्या बाळाला हाक मारायचात, तो एक चीर पाडून द्यायचा, पुढचं तुम्ही बघायचात. अक्षदाला हे ठाऊक आहे. ती म्हणाली, "मम्मा, फ्रायडेपर्यंत वेट करू या ना."

गुरुवारच्या जेवणाला शुक्रवारी भोपळा कापून कसं चालेल? मीच कापला.

तुमचा लेक उदय कुठे होता, हे तुमच्या मनात आलंच असेल. सांगते. आधी जेवणाचं पुरं करते, मला थोडा वेळ द्या.

गर घारग्यांसारखाच गुळात शिजवला. वेलची, जायफळ, सुंठ घातली, त्यात अंडी आणि कंडेन्स्ड मिल्क. कड एका बाजूने करपली आणि मधोमध खड्डा पडला. हिबाने घास घेतला, म्हणाली, "हा माझ्या आईच्या हातचा नाही," आणि दुसरा तुकडा वाढून घेतला.

पण त्याआधी एक झालं. त्यांच्यात अशी पद्धत आहे की गोड वाढण्याआधी टेबलावरच्या प्रत्येकाने यंदा आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगायचं. मी आपलं नोकरीबद्दल, तब्येतीबद्दल म्हटलं. मग अक्षदाची पाळी आली. ती इंग्रजीत बोलली, मी मराठीत लिहिते. "माझ्या आजीला अजून काही कळलेलं नाही, त्याबद्दल थँक्यू. माझ्या तोंडून एकदाही चुकून निघालं नाही."

आजीच्या वाढदिवसाचं काहीतरी गुपित असेल असं वाटून सगळे हसले. मला हसता आलं नाही.

आई, उदय एप्रिलपासून इथे राहत नाही. बनेद अल-गारला दोन मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. दर शुक्रवारी अक्षदाला भेटायला येतो, अगदी वेळेवर येतो. दुसरी कोणी नाही. असती तर शिव्या घालायला तरी सोपं गेलं असतं. वर्षभर आमचं बोलणं दूध संपलं आणि शाळेची बस आली, एवढ्यावरच चाललं होतं. एक दिवस तो म्हणाला, "या घरात माझा जीव गुदमरतो." मी म्हटलं, "मग जा." फार पटकन म्हटलं. मला अजून त्याचा राग येतो, आणि शुक्रवारी तो आला की माझ्या हातून चहाही दोन कप टाकला जातो.

तुम्हाला त्याने सांगायचं ठरलं होतं. तो तुमच्या ब्लडप्रेशरचं कारण पुढे करत राहिला आणि मलाही ते सोयीचं होतं. खरं सांगायचं तर मला भीती होती, की तो सुटला तशा तुम्हीही सुटाल. माझी आई गेल्यापासून मी आई म्हणून हाक मारते ती तुम्हालाच.

आणि आमच्या या भित्रेपणात आठ महिने खोटं बोलायचं काम आम्ही दहा वर्षांच्या पोरीवर टाकलं. "बाबा ड्यूटीवर गेलाय," असं ती व्हिडिओ कॉलवर म्हणायची ना? मी तिला ते शिकवलं नव्हतं. पण अडवलंही नाही. त्याची मला लाज वाटते.

अठरा डिसेंबरचं तुमचं तिकीट आहे. यायचं की नाही ते आता तुम्ही ठरवा. आलात तर अक्षदाच्या खोलीतली खिडकीजवळची कॉट तुमची. उदय विमानतळावर येईल, तसं त्याने कबूल केलंय. तुम्हाला घरी सोडून तो परत त्याच्या खोलीवर जाईल, तेव्हा तुम्हाला वाईट वाटेल. मलाही वाटेल.

एकच मागते. हे वाचून झालं की पहिला फोन मला करू नका, उदयलाही नको. अक्षदाला करा. तिला म्हणा, आजीला सगळं कळलं, आता तू काही लपवायचं नाहीस. मला जे बोलायचं ते नंतर बोला, मी ऐकून घेईन.

शेवटी काय लिहायचं यावर बराच वेळ अडले होते. दरवेळी लिहिते तेच लिहिते. खोडायचं असेल तर तुम्ही खोडा, मी खोडणार नाही.

तुमची सून,
योगिनी