पाटी तिथेच राहील, मामा

तीर्थरूप पॉलीझोईस मामांना भाचा अनेस्तीस याचा वाकून नमस्कार. राग अजून उतरला नसेल तर तो घटकाभर बाजूच्या खुर्चीवर ठेवा आणि आधी नमस्कार घ्या. गुडघा कसा आहे? पिरेअस बंदराची हवा दमट, त्यात तुमच्या लेकीचं, कल्लिरोईचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद पडलेली, असं आईकडून कळलं. लिफ्ट दुरुस्त करायला मी एका फेरीत आलो असतो, पण सध्या तुमच्या दारात मला उभं करतील की नाही याची खात्री नाही. इकडे सगळे ठीक. ऑलिव्हला फळ बरं धरलंय, तुमच्या भाचेसुनेची, स्मारोची कंबर पुन्हा धरली होती ती सुटली, आणि शेजाऱ्याचा बोकड आपल्या विहिरीत पडला होता तो निघाला. (तो काढायला अर्धं गाव आलं आणि अर्ध्या गावाला कॉफी स्मारोने पाजली. कंबर बहुधा त्यातच धरली.) अक्षरं जरा मोठी पडली आहेत, त्याबद्दल रागावू नये. छपाईयंत्राचा हट्ट आहे, मी त्याच्या नादी लागलो नाही.

तुमचं पत्र पोचलं. हस्ताक्षर कल्लिरोईचं होतं, पण बोल तुमचेच. पोरीला इतक्या शिव्या येत नाहीत. सही मात्र तुम्ही स्वतः केलीत, ओळीच्या दोन बोटं खाली, रागाने हात घसरला असणार. पत्राचा मथितार्थ असा, की ज्या भाच्याला तुम्ही कान पिळून आठ राग शिकवलेत, त्याने देवळातल्या तुमच्या उजव्या बाजूच्या गायकाच्या स्टँडवरून पोथ्या हटवून पोरांच्या खेळायची पाटी मांडली. तुम्ही प्रेमाने धाडलेल्या लॅपटॉपचा अपमान केला. आणि ती पाटी तिथून उठेपर्यंत तुम्ही संत पारास्केवीच्या उत्सवाला पाऊल ठेवणार नाही. मामा, मला कळायला लागल्यापासून त्या सकाळी तुमचा आवाज नाही असं झालेलं नाही. तुम्ही पिरेअसला राहायला गेलात तरी दर जुलैला बोटीने येत राहिलात. लोक उत्सवाची तारीख विसरतील, पण धक्क्यावर तुमची ती तपकिरी बॅग दिसली की बकरं कापायला घेतात. तुम्ही आला नाहीत तर मला वाईट वाटेल, फार वाईट वाटेल, हे आधीच लिहून ठेवतो म्हणजे पुढे जे लिहितोय ते तुम्हाला भीक घातल्यासारखं वाटणार नाही. पाटी तिथेच राहील. आणि तुम्हीही याल.

आता लॅपटॉपचं. तो चांगलाच होता, नाही म्हणत नाही. तुमच्या आज्ञेप्रमाणे सगळी स्तोत्रं त्यात भरली आणि ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी त्याला स्टँडवर चढवला. तुम्ही त्या स्टँडपाशी उभं आयुष्य काढलंय, तेव्हा मी काय सांगावं. चारी बाजू उतरत्या, आणि हव्या त्या पोथीसाठी गर्रकन फिरवायचा. लॅपटॉपला मात्र सपाट टेबल लागतं, तो कारकुनाच्या जातीचा. मी त्याच्या बुडाखाली पाचर मारली, वायर मायक्रोफोनच्या प्लगशेजारी जोडली (बॅटरी प्रवचनालाच मान टाकते) आणि झाकण उघडलं. पाद्रीबाबा सिदेरिसनी आतून हाक दिली. गायकाने लगेच उत्तर द्यायचं. लॅपटॉपच्या पडद्यावर एक गोल फिरत होतं आणि खाली लिहिलं होतं, की सुधारणा चालू आहेत, कृपया यंत्र बंद करू नये. मी म्हटलं, 'प्रभू, दया कर'. हे कधीही चालतं. पाद्रीबाबांनी पुढची हाक दिली. गोल फिरतच होतं. मी पुन्हा प्रभूला दया करायला लावली. आपल्याकडे ते चाळीस वेळा म्हणायचे प्रसंग आहेत, पण त्या दिवशी मी कुठल्या कुठे गेलो. मागून कुणीतरी बोललं, "याने काय पाप केलंय एवढं?"

शेवटी कंटाळून मी जुनी पोथी घ्यायला हात लांबवला आणि सवयीने स्टँड फिरवला. वायर खांबाला गुंडाळली गेली, मायक्रोफोन ओढला गेला आणि तुमचा लॅपटॉप सरळ मेणबत्त्यांच्या वाळूच्या परातीत उताणा पडला. आवाज देवळाच्या बाहेरही ऐकू गेला, कारण मायक्रोफोन चालूच होता, आणि माझ्या तोंडून जे निघालं तेही ऐकू गेलं. ते स्तोत्रात नव्हतं. एवढं होऊनही यंत्र जिवंत आहे, फक्त त्याच्या बटणांखाली वाळू करकरते आणि दमेकऱ्यासारखा पंखा घरघरतो. यात अपमान कुणी कुणाचा केला ते तुम्हीच ठरवा.

दुसऱ्याच आठवड्यात मी पाटी घेतली. टॅब म्हणतात तिला, पण तुम्ही तुच्छतेने दिलेलं नाव मला आवडलं, तेच चालू ठेवतो. हिला झाकण नाही, वायर नाही, पंखा नाही. उतरत्या फळीवर पोथीसारखी टेकते, स्टँड फिरला की हीही फिरते. बोट लावलं की जागी. 'थांबा, तयारी करतोय' हा प्रकार नाही. सकाळी भरलेली संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत पुरते. आणि मी पोटापाण्यासाठी इलेक्ट्रिशियन आहे हे तुम्ही विसरता. शिडीच्या वरच्या पायरीवर, एक हात पक्कडीवर, दातांत स्क्रू, अशा अवस्थेत लॅपटॉप उघडून दाखवा, मी हरलो. पाटी मी खिळ्याला अडकवतो आणि कोपराने पान उलटतो. (कोपर चालतं. नाक पण चालतं, आजमावून बघितलंय.)

तुम्ही लिहिता की की-बोर्ड नाही ते यंत्र पुरुषाचं नव्हे. मग आपल्या दवाखान्यातली डॉक्टर थेक्ला बघा. पूर्वी ती लॅपटॉपमागे बसायची, आणि उघडलेलं झाकण म्हणजे मधे भिंत. रोगी आपलं दुखणं झाकणाला सांगायचा. आता पाटी हातावर घेऊन खाटेपाशी बसते, फोटो दाखवते, "हे बघा आजोबा, इथे तडा आहे, उगाच शेजारणीवर आळ घेऊ नका." आणि दुसरं टोक म्हणजे तुमची सख्खी बहीण, माझी आई. तुमच्या लॅपटॉपसमोर तिला मी तीन दुपारी बसवलं. माउस म्हणजे काय हे तिला पटेना; "हात इकडे हलवायचा आणि बघायचं तिकडे, ही काय रीत झाली?" असं म्हणून ती शेंगा सोलायला उठली. पाटी दिल्यावर काही शिकवावंच लागलं नाही. बोट तिला जन्मापासून आहे. आता साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते, समोर मेलबर्नची मावशी, इकडे शेंगा, तिकडे शेंगा, आणि दोघी मिळून तुम्हाला नावं ठेवतात. लॅपटॉप चांगला आहे, मामा, पण तो माणसाला आपल्यासमोर नीट बसायला लावतो. पाटी आपण असू तिथे येते.

आता त्या रविवारचं, ज्यावरून हे सगळं पेटलं. तुम्हाला अर्धंच माहीत आहे. मी पाटीच्या दर्शनी पडद्यावर आपल्या संत पारास्केवीचं चित्र लावलं होतं, दुसरं काय लावणार, आणि खाली एका चौकोनात कल्लिरोईचा फोटो, आईला तिकडे फोन लावायला सोपं पडावं म्हणून. देवळात शिरताना मेणबत्ती लावायची म्हणून पाटी क्षणभर दारातल्या मूर्तिचित्राच्या चौरंगावर टेकवली. तेवढ्यात पाद्रीबाबांनी फ्यूज उडाल्याची खूण केली आणि मी आत धावलो. मागे बायकांची रांग होती. आपल्या बायका काय करणार? क्रूस काढला, मोठ्या चित्राला ओठ टेकले, आणि शेजारी नवं छोटं चित्र दिसलं, तेही काचेचं आणि आतून उजेड असलेलं, म्हणून त्यालाही टेकले. पाटी म्हणजे बोटाला ओ देणारी वस्तू. तिला ओठ काय आणि बोट काय. पहिलीच्या ओठांनी ती जागी झाली. दुसरीच्या ओठांनी कल्लिरोईला व्हिडिओ कॉल लागला. आणि तिसरी होती असिमिना आजी, जिला एकदा टेकून समाधान होत नाही.

तिकडे तुम्ही गुडघ्यामुळे घरीच, रेडिओवर प्रार्थना ऐकत बसलेले, आणि कल्लिरोई फोन तुमच्या हातात देऊन दुधाकडे धावली, एवढं तिने मला सांगितलं. तुम्हाला पडद्यावर काय दिसलं असेल याची मला कल्पना आहे. असिमिना आजीला वरचे दात नाहीत. पण इकडे काय झालं ते ऐका. सगळं देऊळ शांत, आणि संतमाउलीच्या चित्रातून घोगरा आवाज आला, "कोण आहे? मला काही दिसत नाही. काहीच दिसत नाही."

असिमिना आजी जागच्या जागी खाली बसली. डोळ्यांची वाली संत, जिच्यापुढे लोक पत्र्याचे डोळे नवस म्हणून टांगतात, ती स्वतः म्हणते की मला दिसत नाही. (पुरुषी आवाजाबद्दल आजीचं म्हणणं, की इतकी वर्षं धूर खाऊन कुणाचाही बसेल.) मी पळत आलो तोवर तुम्ही पाटी ओळखून पुढचं बोलायला लागला होता, आणि ते संताच्या तोंडी शोभण्यासारखं नव्हतं म्हणून मी कॉल तोडला. त्याबद्दल तुमचा राग आहे, मला मान्य आहे. पण संध्याकाळपर्यंत बायकांनी ठरवलं, की आजवर आपण माउलीकडे डोळे मागितले, आता तिला द्यायची पाळी आपली. मी ओरडून सांगितलं की तो पॉलीझोईस मामांचा आवाज होता. आजी म्हणाली, "मला शिकवू नकोस. तो माणूस जन्मात कधी 'मला जमत नाही' म्हणालाय का?" आता त्या चित्राला पत्र्याच्या डोळ्यांच्या माळा आहेत. पाद्रीबाबा आधी चिडले, मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "अनेस्तीस, एक तर ती वस्तू दारात ठेवू नकोस, नाहीतर तिला चौकट तरी कर." मी स्टँडवर नेऊन ठेवली. तिथून मी ती हलवणार नाही. पंचांची सभा भरवा, बिशपला लिहा, मावशीला मेलबर्नहून बोलवा, माझं उत्तर तेच राहील.

आणि एक सांगून ठेवतो, पोथ्या मी हटवलेल्या नाहीत. पाटीत छापील काही घातलेलंच नाही. तुमच्या जुन्या वहीचं एकेक पान मी खिडकीच्या उजेडात धरून फोटो काढला, कॉफीच्या डागासकट. तिथे जे दिसतं ते तुमच्या हातचं आहे. तेव्हा पाटीला शिव्या देताना आपण कुणाला देतोय ते बघून द्या.

मामींच्या फोटोला माझा नमस्कार, कल्लिरोईला आशीर्वाद. लोभ असो नसो, बोटीचं तिकीट असो.

तुमचा हट्टी (कुणावर गेलो ते आईला विचारा) भाचा,
अनेस्तीस

ता. क. हे पत्र मी तुमच्याच लॅपटॉपवर लिहिलंय. एवढं लांबलचक भांडण बोटाने काचेवर लिहिता येत नाही, हे मी कबूल करतो. त्याचा विजय एवढ्यापुरताच समजावा. शिवाय पाटी आईकडे आहे, मागायची माझी छाती नाही.

ता. क. दुसरा. छपाईयंत्राने काही हट्ट केलेला नाही. अक्षरं मी मोठी केली, म्हणजे हे पत्र तुम्हाला कल्लिरोईकडून वाचून घ्यावं लागू नये. यातलं काही तिच्यापुढे वाचण्यासारखं नाही.

ता. क. तिसरा, आणि हा एकट्याने वाचा. गेल्या उत्सवात तुम्ही मोठ्या स्तोत्राच्या मध्यावर थांबलात, आणि नंतर सगळ्यांदेखत माझ्यावर डाफरलात की स्टँडवरचा दिवा मेला आहे. मी दिवा बदलला, वायर बदलली, सॉकेटही बदलला. मामा, मी इलेक्ट्रिशियन आहे. दिव्यात काही बिघाड नव्हता. पाटीवर दोन बोटं ठेवून लांब केली की तुमच्या हातचं एकेक स्वरचिन्ह ऑलिव्हएवढं होतं. मी लांब बाकावर बसून, चष्मा काढून वाचून बघितलंय. या वर्षी उजव्या बाजूला तुम्ही उभे राहायचं, पान उलटायला मी शेजारी असेन, आणि कुणी विचारलंच तर पाटी माझी आहे आणि तुम्हाला ती मुळीच आवडत नाही. बोट शुक्रवारी सुटते. देवळातल्या त्या सगळ्या डोळ्यांच्या माळा तुमच्या नावच्या आहेत, हे अजून मी कुणाला पटवून सांगत बसलेलो नाही.