वंदन गाळून

शुक्र. ९ जाने.
इथल्या, आखातातल्या मराठी मंडळाच्या मीटिंगहून आलो. डोकं फिरलंय. पुढच्या शुक्रवारी क्रीडा दिन. कबड्डीच्या सेमीनंतर आमच्या गायन पार्टीला पंधरा मिनिटं दिलीत. सेक्रेटरी म्हणतात, "तेवढं सुरुवातीचं वंदन गाळा. एकदम गाण्यावर या. सर्वांना चालेल असं ठेवू." बुद्ध-भीमांचं वंदन, एक मिनिटसुद्धा लागत नाही. कार्यक्रम सुरू होतो गणेशवंदनेने, ते सर्वांना चालतं! विचारलं तर, "अहो, ती परंपरा आहे." आणि आमची काय पिकनिक?
हे तोंडावर बोलायला हवं होतं. तिथे नुसतं "बघू" म्हणालो. बघू म्हणे! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

शनि. १०
गावी अण्णांना फोन. सगळं सांगितलं. अण्णा एवढंच म्हणाले, "वंदन नाय तर ढोलकी खोळीत." आमच्या वाडीचा नियमच तो. वंदनाआधी कोणी थाप मारली तर म्हातारे हात धरायचे.
मग प्रकाशला फोन. गाणारा तो, ढोलकी माझी. कबड्डीच्या टीममध्येही आम्ही शेजारीशेजारी. म्हणाला, "दादा, वंदन म्हणायचंच. माईक बंद करायचा तर करू देत." बरं वाटलं. जेवलो नीट.

मंगळ. १३
ग्रुपवर पोस्टर आलं. भावगीतवाल्यांची नावं आडनावांसकट, तबलजीचंसुद्धा. आमचं काय? "लोकगीते : प्रकाश आणि साथी." सेक्रेटरींना फोन लावला. "जागा नव्हती हो." प्रकाशचं आडनाव कांबळे! तीन अक्षरं! स्पॉन्सरच्या बिर्याणीच्या फोटोला बरी जागा होती.
हूरा भागात सलीमभाईंच्या दुकानात गेलो. आमचे कबड्डीचे कॅप्टन, दापोलीकडचे. म्हणाले, "माझ्याजवळ बोंबलून काय उपयोग? त्यांच्याजवळ बोंबल ना."
खरं आहे. म्हणूनच जास्त राग आला.

शुक्र. १६
सेमी जिंकलो. शेवटच्या चढाईत दोघांना मारून आलो, खांदा सुजलाय.
मग स्टेज. प्रकाशने माईक घेतला आणि थेट गाण्यावर. वंदन नाही. एक ओळ नाही.
माझे हात ढोलकीवर तसेच. थाप दिली नाही. त्याने एकदा मागे वळून पाहिलं. मी मान खाली. दुसऱ्या ओळीला लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. अख्खं गाणं टाळ्यांवर झालं, वन्स मोअर पण मिळाला! ढोलकी नाही हे कोणाला जाणवलंही नाही. तिथे मी आतून पेटलो. पुतळ्यासारखा बसून होतो तीनशे लोकांसमोर.
गाडीत श्रेया : "बाबा, व्हाय डिडन्ट यू प्ले? सो एम्बॅरसिंग." बायको सुनंदा खिडकीबाहेर बघत होती. सांगायचं तर सुरुवात कुठून करू या पोरीपुढे...

रवि. १८
ड्यूटीहून माहूजला घरी पोचलो, तर प्रकाश बिल्डिंगखाली उभा.
"दादा, सेक्रेटरीसाहेब आमच्या कंपनीत मॅनेजर आहेत, माहितेय ना तुला. माझा व्हिसा मार्चमध्ये संपतो."
"धमकी दिली?"
"नाही रे. गुरुवारी लिफ्टमध्ये भेटले. नुसतं विचारलं, रिन्यूअल मार्चमध्ये ना तुझं?"
काय हुशार माणूस! पकडायला काही ठेवलंच नाही.
मी ओरडलो. "मग मला आधी सांगायचंस! आलोच नसतो!" तो म्हणाला, "म्हणूनच नाही सांगितलं. तू नसतास तर माझ्याच्याने स्टेजवर चढवलं नसतं." तरी बोललो. नको नको ते बोललो. दोन मजल्यांवरून माणसं डोकावली.
जाताना तो "जयभीम, दादा" म्हणाला. मी उलट म्हणालो नाही. आयुष्यात पहिल्यांदा.
जेवण गेलं नाही.

सोम. १९
माझा व्हिसा पुढच्या वर्षापर्यंत आहे. म्हणून माझी मान ताठ? हे दिवसभर डोक्यात. नको तो विचार.

गुरु. २२
उद्या फायनल. जुफैरला मोकळ्या प्लॉटवर प्रॅक्टिस.
कोपरा माझा, शेजारी प्रकाश. चढाईवाला आत आला की आम्ही एकमेकांचा हात धरून साखळी करायची. आज मी धरला नाही. चढाईवाला तीनदा मधूनच निसटून गेला. सलीमभाई भडकले, "यल्ला, चला, हात धरा रे! उद्या पण हेच करायचं असेल तर आत्ताच सांग. मी दुसरा बघतो."
कोणाचं काय बिघडलंय हे त्यांना पक्कं ठाऊक. तरी नाव घेतलं नाही.
प्रकाश हात बाजूला धरून उभाच. नजर समोर, चढाईवाल्यावर. माझ्याकडे बघत नव्हता, हात मात्र खाली घेत नव्हता. राग येतच होता. पण कोणाचा ते आज नीट सांगता येईना. उद्या ट्रॉफी द्यायला सेक्रेटरीच येणार, हसत.
सलीमभाईंना म्हणालो, उद्या येतो.
हात धरेन असं म्हणालो नाही.