चेंडूतला जोर

१२ जानेवारी, सोमवार
आज नववीच्या वर्गात चेंडू वर फेकला. विचारलं, "हातातून सुटलाय. आता त्याला वर ढकलणारं बल आहे का?" सगळे हात वर! आमची चिमणी — नाव वेगळं, पण चिवचिव अखंड — उभीच राहिली. "आहे ना बाई! जोर आहे त्याच्यात. जोर संपला की खाली येतो."

कोण ढकलतंय? कुणीच नाही! हवेचं सोडलं तर फक्त पृथ्वी खाली ओढतेय. एकाला पटेल तर शपथ.

नेमके मोठे सर दारात. "बाई, एका चेंडूत किती दिवस घालवणार? शुक्रवारी मी स्वतः विचारतो. नाही जमलं तर प्रयोगाचा तास गणिताला."

गणिताला? माझा तास? बघतेच! हा जोर मुळासकट उपटते.

१३ जानेवारी
घसा बसला. जोर तसाच उभा.

१४ जानेवारी, बुधवार
घरचा कॅरम शाळेत नेला. माळ्यावरून काढून देताना ह्यांचा टोमणा — "आता खेळायचाही पगार मिळतो वाटतं!" मिळतो. हेवा वाटू दे.

आधी कोरड्या बोर्डावर स्ट्रायकर मारला, मग पावडर टाकून. टिचकी तेवढीच, पण दुसऱ्यांदा थेट पलीकडच्या कडेला आपटला. चिमणी हळूच म्हणाली, "म्हणजे जोर आपोआप संपत नव्हता. बोर्ड अडवत होता! मग चेंडूला पृथ्वी अडवत असणार!"

मला तिथेच नाचावंसं वाटलं. नाचले नाही, पण खडू दोनदा हातातून पडला.

१६ जानेवारी, शुक्रवार
मोठ्या सरांनी चेंडू उडवला. "वर ढकलणारं बल?"

"नाही!" — अख्खा वर्ग, एका सुरात. खिडकीतली कबुतरं उडाली. सर जाता जाता म्हणाले, "ठेवा तुमचा तास." जिंकले! मला काही अशक्य नाही. संध्याकाळी घरी सगळ्यांना ऐकवलं, सासूबाईंना दोनदा.

१९ जानेवारी, सोमवार
मधल्या सुट्टीत चिमणी आली. "बाई, ढकलणारं कुणी नाही, ते पटलं. पण झेलताना हाताला जोरात बसतं, ते काय? आम्ही त्यालाच जोर म्हणत होतो. 'बल म्हणजे जोर' असं फळ्यावर तुम्हीच लिहिलं होतंत."

अगं बाई! तो तर पुढच्या धड्यातला संवेग, वस्तुमान गुणिले वेग. चालत्या चेंडूत असतोच, वर जाताना संपतोही. पोरांचं बरोबर होतं, त्याला बल हे चुकीचं नाव मीच दिलं. आठवडाभर मी त्यांच्या डोक्यातून खरी गोष्ट उपटत होते.