ठोकळ्याला उशीर का झाला

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला की तुझे भाऊजी अंगणात जाऊन उभे राहतात आणि तिथून मला ‘उचलू नकोस’ अशा खुणा करतात, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. कंबर कशी आहे? बेकरीतलं यंत्र बंद पडल्यापासून पीठ हातानं मळतेस म्हणजे बरी नसणारच, तरी विचारते.

त्या यंत्राचा मोडका ठोकळा तू दुरुस्तीवाल्याकडे घेऊन निघाली होतीस. ‘मी करून देतो’ म्हणून ह्यांनी तो काढून घेतला आणि त्याच निमित्तानं एक जुनं मिलिंग मशीन घरी आणलं. (वर कटर गरगर फिरतो, खालचं टेबल लोखंड घेऊन त्याच्याकडे सरकतं आणि लोखंड कापलं जातं. इतकंच.) मी तेव्हाच बजावलं, ठोकळा बसला तर मशीन राहील, नाहीतर भंगारवाला येईल.

मशीन गॅरेजच्या दारातून आत जाईना. ह्यांनी दार नीट मोजलं होतं, मशीन मोजायचं राहिलं होतं. आता ते बैठकीच्या खोलीत आहे आणि सोफा गॅरेजमध्ये. पाहुणे आले की मी त्यांना तिकडेच नेते. (येणं कमी झालंय.) मशीन इतकं मेणचट होतं, की मी गरम पाणी आणि सोडा घेऊन घासून लख्ख केलं. सकाळी पाहते तर सगळं तांबूस! तो मेणचटपणा म्हणजे गंजू नये म्हणून मुद्दाम लावलेलं तेल, हे आधी सांगायला काय झालं होतं? (सांगितलं होतं म्हणतात. तेव्हा नळ चालू होता.)

मग शिकणं. “तू फक्त पुस्तक वाच, हात लावू नकोस,” हे म्हणाले. जन्मभर वर्गाकडे तोंड करून शिकवल्यामुळे मी सवयीनं ह्यांच्या समोर उभी राहिले आणि हात करून म्हटलं, उजवीकडे फिरवा.

“तुझ्या उजवीकडे की माझ्या?”

“उजवी ती उजवी! वेगवेगळी असते का?”

ह्यांनी माझ्या हाताकडे बघून फिरवलं. कटर थेट लोखंड धरणाऱ्या शिकंज्यात घुसला. हे त्या जखमेवरून बोट फिरवत म्हणाले, “बोलव तुझ्या भंगारवाल्याला.” मी बोलावलं नाही. त्यानंतरच्या ठोकळ्यांच्या खाचा कधी सैल, कधी तिरक्या. आमच्या घरातलं एकही दार आता वाऱ्यानं आपटत नाही.

पण शेवटी एक ठोकळा जमला. तो पाठवते आहे.

तुझी,
ताई

ता. क. ठोकळा मी केला. हे दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. जुन्या मशीनचं हँडल उलट फिरवलं की थोडा वेळ टेबल हलतच नाही, म्हणून दर वेळी एकाच बाजूनं फिरवत यायचं, एवढीच मेख आहे. लोखंडाचे चकचकीत कुरळे तुकडे उडायला लागले आणि मला जेवायचंही भान राहिलं नाही. आल्यावर ह्यांना म्हटलं, तुम्ही सकाळी केलेलाच चांगला आहे की! त्यांना ते पटलं.

आणखी ता. क. बसला नाही तर कानस मार, पण बसला असंच सांग. मशीन जाता कामा नये. तुझी फळ्यांची मांडणी डुगडुगते आणि मागचं दार लागत नाही ना? तीही कामं ह्यांच्याकडून सावकाश करून घे. हे पाकीट ह्यांच्यासमोर उघडू नकोस.

सोबत दिलं: नवा ठोकळा, एक. जुना, दोन तुकड्यांत. तुझे भाऊजी, चालू स्थितीत. पहिले दोन मिळाल्याचं लगेच कळव. तिसरे मी मागितल्याशिवाय परत पाठवू नयेत.