बाबांची नवी हनुवटी

प्रिय ठमे,

पायाचं प्लास्टर निघालं हे ऐकून जीव भांड्यात पडला. पुढच्या आठवड्यात येतेस म्हणालीस, म्हणून घाईने लिहायला बसले. फोनवर हे जमलं नसतं. बाबा समोरच्याच खुर्चीत बसलेले असतात आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत.

ऑपरेशन झालं, गाठ निघाली, बाबा बरे आहेत, एवढंच तुला सांगत आले. ते खरंच आहे. पण मधलं बरंच राहिलं. गाठीबरोबर डावीकडचा अर्धा जबडाच काढावा लागणार होता. त्या जागी पायातलं हाड बसवायचं आणि ते धरून ठेवायला धातूची पट्टी, खास बाबांच्याच मापाची. डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत एक मुलगी कॉम्प्युटरवर हेच काम करते. स्कॅनवरून तिने आधी बाबांच्या जबड्याचा प्लास्टिकचा नमुना छापला. हो, छापलाच म्हणतात. खोक्याएवढं यंत्र असतं, आत थरावर थर चढत जातो आणि हळूहळू हाडाचा आकार उभा राहतो. बाबा शेजारी बसलेले आणि त्यांचा जबडा माझ्या ओंजळीत! हसावं की रडावं, कळेना. बाबांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "एवढासाच? आणि ही म्हणते, मी फार तोंड चालवतो."

नमुने खरं तर दोन होते. एक आहे तसा, हनुवटी जन्मापासूनची तशीच उजवीकडे कललेली. दुसरा त्या मुलीने स्वतःच्या डोक्याने केलेला: उजवी बाजू आरशात दिसावी तशी उलटवून डावीकडे जोडली होती, त्यामुळे हनुवटी अगदी मधोमध. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही जमण्यासारखं आहे. चेहरा तुमचा, तुम्ही ठरवा." माझा हात आपसूक वाकड्या नमुन्याकडे गेला. बाबांनी दुसरा आपल्यापुढे ओढला.

घरी येऊन आम्ही भांडलो. आजारी माणसाशी भांडू नये, हे मला कळतं गं, पण भांडलो. मी म्हटलं, "अहो, मला हाच चेहरा आवडतो." ते म्हणाले, "तुला तो नुसता बघायचा असतो. मला तो घेऊन चारचौघांत जायचं असतं."

जन्मभर स्टुडिओत लोकांना "मान सरळ, हनुवटी जरा खाली" सांगत फोटो काढणारा हा माणूस. त्या मुलीने बाबांचा एखादा जुना, समोरून काढलेला फोटो मागितला, तर घरात एकही सापडला नाही. लग्नाच्या अल्बमातसुद्धा ते प्रत्येक फोटोत माझ्याकडे वळून बघताहेत. इतकी वर्षं मी समजत होते, माझ्यावरून त्यांची नजर हटत नव्हती! मी अल्बम मिटला आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना स्वतःच सांगितलं, "सरळच करा."

सकाळी आत नेलं ते दिवेलागणीला बाहेर आणलं. सूज उतरायला बरेच दिवस गेले. मग एकदा नर्सने आरसा दिला. बाबा किती वेळ बघत होते! मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडून घेतलं. वाईट दिसत नाहीत गं, उलट रुबाबदार दिसतात. पण ज्या चेहऱ्याशी मी संसार केला तो आता कुठेच नाही, हे एकदम अंगावर आलं. तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं, सगळं पाटीवर लिहायचे. बाहेर आले तर लिहून ठेवलं होतं, "आवडला नाही?" माझ्याने खोटं बोलवेना. म्हटलं, "सवय होईल." त्यांनी मान हलवली आणि संध्याकाळपर्यंत पाटीला हात लावला नाही.

सवय होतेय. सकाळी चहा देताना अजून क्षणभर दचकते, पण परवा आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो होतो. बाबांचं बोलणं अजून बोबडं, दुकानदाराला काही केल्या समजेना. एरवी मलाच पुढे ढकलणारा हा गृहस्थ तेच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत काउंटरशी ठाम उभा राहिला. शेवटी साबण मिळाला. मागितली होती मेणबत्ती, पण येताना स्वारी अशी खुशीत होती, की मी बदलून आणायचं नावच काढलं नाही.

आता मुद्द्याचं. तुझी हनुवटी बाबांवर गेलीय. शाळेत मुलींनी चिडवलं म्हणून तू घरी रडत आलीस, तेव्हा मांडीवर घेऊन त्यांनीच तुला सांगितलं होतं, की ही आपली दोघांची आहे आणि फार सुंदर आहे. व्हिडिओ कॉल नको म्हणतात ते सुजेमुळे नाही. सूज कधीच उतरली. तू त्यांना पाहशील आणि तुला वाटेल, बाबांनी तेव्हा आपली समजूत घातली आणि संधी मिळताच स्वतःची बदलून घेतली, याची त्यांना धास्ती आहे. काल मी विचारलं, "पोरीला काय सांगू?" पाटी हाताशी होती, पण घेतली नाही. एकेक शब्द जुळवत तोंडानेच बोलले, "तिची सुंदरच आहे. ते खोटं नव्हतं. माझी मला सोसवली नाही, एवढंच." हे तुझ्यासमोर त्यांच्याने बोलवणार नाही, म्हणून मी लिहितेय. रडू आलं तर हे वाचतानाच रडून घे. रागावली असलीस, तर रागासकट ये. पण ये.

तुझीच,
आई