बावन्न सेकंद

प्रिय रितिका,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुला वाटेल, चाळिशीत का होईना, भैरवीचं लग्न ठरलं! तसं काही नाही, बाई. मी अजून नागपुरात नाटकंच करते आणि घरचे अजून विचारतात, काम काय करतेस. लिहायचं कारण, आमच्या नव्या नाटकात तुझी धाकटी बहीण, करिष्मा आली आहे. नाव बदललंय, पण तीच. शनिवारी पहिला प्रयोग आहे. तू नको म्हणालीस तर तो प्रसंग काढून टाकीन.

हे नाटक कुणी लिहिलेलं नाही. आपण भारतीय आहोत म्हणजे नेमकं काय, एवढा प्रश्न घेऊन आम्ही चौघं सकाळी सीताबर्डीतल्या एका शिकवणी वर्गात जमतो. प्रत्येकानं एक आठवण आणायची, सगळ्यांनी मिळून ती उभी करायची. पियूषनं क्रिकेटची मॅच आणली, मुग्धानं फौजेतल्या मामाची पत्रं. माझ्या तोंडून मात्र काटोलच्या आपल्या शाळेचा पंधरा ऑगस्ट निघाला. राष्ट्रगीत चालू असताना गाणाऱ्या रांगेतली एक मुलगी कोसळते आणि ते संपेपर्यंत कुणी हलत नाही. मुलं, मास्तर, पाहुणे, कुणीच नाही. एका मैत्रिणीनं सांगितलेली गोष्ट, असं मी म्हणाले. खोटं बोलायला मला कधी कष्ट पडले नाहीत.

तालमीत आम्ही राष्ट्रगीत वाजवत नाही, पियूष घड्याळ पाहून बावन्न सेकंद मोजतो. मुग्धा पडते, आमच्यातल्या चौथ्यानं, सौरवनं, शेजारी ताठ उभं राहायचं. तिथंच गाडी अडली. नऊ तालमी झाल्या, नऊही वेळा तो मधेच वाकून तिला धरतो. मी ओरडते. तो म्हणतो, "ताई, मले नाही जमत. पोरगी खाली पडून राहिली अन् मी काहून उभा राहू?" मी परत ओरडते, हलू नकोस, मान वर! आणि तो आवाज आपल्या ड्रिलच्या सरांचा असतो. हल्ली तो भाजी चिरतानाही ऐकू येतो. कुठंही राष्ट्रगीत लागलं की माझी नजर आधी डावीकडे, खाली जमिनीवर जाते.

तू त्या दिवशी तापानं घरी होतीस. करिष्मा गेली. तिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं, बावन्न सेकंदांनी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले आणि तुझ्या आईनं ते मानलं. सरांनी माझी पाठ थोपटली, "शाब्बास पोरी, शिस्त मोडली नाहीस." मला तेव्हा अभिमान वाटला होता, रितिका. आज लिहिताना लाज वाटते.

काल सौरवला दाखवायला मीच त्याच्या जागी उभी राहिले. पूर्ण बावन्न सेकंद, पापणीही न हलवता. मग सौरवनं मुग्धाला उठवलं, पाणी दिलं.

घरी येऊन परवानगी मागायला म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. पण जे नाटकात नाही, ते आधी तुला कळायला हवं. मी समोर पाहत होते काकू, मला कळलंच नाही, असं मी तुझ्या आईला सांगितलं होतं. मला कळलं होतं. मी सातवीत, ती पाचवीत, माझ्या डाव्या हाताला उभी. पडण्याआधी तिनं माझं बोट घट्ट धरलं आणि हळूच म्हणाली, "ताई, मले धर ना वं." सावधानमध्ये हात मांडीला चिकटलेला लागतो. मी तिची बोटं एकेक करून सोडवली.

तुझीच, अजून म्हणू देणार असशील तर,
भैरवी