मंदारने सांगितलेले अण्णा

११ जाने., रविवार

व्हिसाचा फॉर्म भरून संपवला एकदाचा. प्रागला मॅच बघायला जायचं तर कंपनीतल्या माझ्या दोस्ताला, मंदारला, नुसता पासपोर्ट खिशात टाकायचाय, साहेब दोन वर्षांपूर्वी आयरिश झाले. आम्हाला मात्र स्टेटमेंटं, कंपनीचं पत्र, फोटो, बोटांचे ठसे. हातात तिकीट नाही, तरी व्हिसा टाकून ठेवतोय. अनुजा स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाजारात तुरी." म्हटलं, असू देत.

नोव्हेंबरात शेवटच्या मिनिटाला आयर्लंडने तो गोल केला तेव्हापासून आमचं सगळं शॅनन गाव प्रागच्या वर्ल्डकप प्ले-ऑफशिवाय दुसरं बोलत नाही. कँटीनमध्येही तेच, डेंटिस्टकडेही तेच.

दुपारी ग्रुपवर नोएलचा मेसेज. नोएल म्हणजे आमच्या सपोर्टर्स बसचा सर्वेसर्वा. क्लबला प्रागची दोन तिकिटं मिळालीत. सोडत काढणार नाहीत. टीमच्या मागे फिरताना आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण कुठला, ते लोकल रेडिओवर सांगायचं. ज्याचा लोकांना आवडेल त्याला दोन्ही तिकिटं.

लगेच मंदारचा फोन. "अज्या, तू अण्णांचं सांग. डोळे मिटून तिकीट आपलं."

नाही म्हणालो. बसमध्ये एकदा सांगितलं तेवढं पुरे.

"पण का?"

"माझे वडील आहेत ते. रेडिओचं आयटम नाहीत."

"बरं बाबा," म्हणाला. विषय संपला.

१८ जाने., रविवार

तरी डोक्यातून जात नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो, स्वतःपुरतं.

दीड वर्षापूर्वी, सप्टेंबर. अण्णा-आई इकडे आले होते. अण्णा अकरा वर्षं कोल्हापुरात पेठेच्या टीमचे गोलकीपर, मग उरलेला जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये. डब्लिनला मॅचला येता का विचारलं तर उत्तर देण्याआधी बूट घालून तयार. मी, मंदार आणि अण्णा. अण्णांच्या अंगात तीन स्वेटर, डोक्याला माकडटोपी. लोक टीशर्टवर होते.

राष्ट्रगीताला टोपी काढून ताठ उभे राहिले. मग पहिला गोल खाल्ला आणि अण्णा उठून ओरडले, "आरं म्होरं ये की! लाईनीवर काय घर बांधतुयास?" कीपरला. आयर्लंडच्या. मराठीत. पुढच्या रांगेतला एक म्हातारा वळून बघायला लागला. मी शरमेने अर्धा झालो. अण्णांनी खिशातून भडंगाची पिशवी काढली आणि त्याच्यापुढे धरली. "घ्या. खावा." त्याने मूठभर तोंडात टाकलं. डोळ्यांतून पाणी, ठसका, लालबुंद. आणि परत हात पुढे केला! मग ती पिशवी अख्ख्या रांगेत फिरली. दुसरा गोल खाल्ला तेव्हा सगळी रांग हुं हुं करत नाक पुसत होती. दोन गोलनी हरलो. हरलेल्या टीमसाठी लोक उभे राहून गात होते आणि अण्णा शब्द माहीत नसताना त्यांच्याबरोबर तोंड हलवत होते. निघताना म्हाताऱ्याने स्वतःचा हिरवा स्कार्फ त्यांच्या गळ्यात घातला.

पुढच्याच फेब्रुवारीत अण्णा गेले. मला एअरपोर्टवर मंदारने सोडलं होतं. सबंध रस्ता एक शब्द बोलला नाही, ते बरं केलं त्याने.

मार्चमधल्या मॅचहून परतताना बसमध्ये माइक माझ्यापर्यंत आला. नोएलच्या बसचा रिवाज आहे, माइक हातात आला की एक मॅच सांगायची. मी ही सांगितली. अडखळत, खिडकीकडे बघत. मंदार शेजारीच होता. अडलो तिथे त्याने शब्द पुरवले.

एवढंच.

२७ जाने., मंगळवार

ठसे दिले डब्लिनला जाऊन. बाई म्हणाली, चार-पाच आठवडे. कामावर नवीन प्रॉडक्शन लाइनच्या तपासण्या, जीव नकोसा. मंदार दोन दिवस कँटीनला दिसला नाही. विचारलं तर म्हणे ऑडिट.

३१ जाने., शनिवार

इराला पोहायला सोडून गाडीत बसलो होतो. नोएलचा मेसेज: अकराला रेडिओ लाव, तुझा दोस्त येतोय. मला कौतुकच वाटलं. म्हटलं, गडी बोलला नाही, सरप्राइज देतोय.

मंदारचा आवाज. छान, सावकाश, इथल्यासारखा. "माझे वडील, देव त्यांना शांती देवो, भारतात गोलकीपर होते."

मला आधी वाटलं, मी चुकून काहीतरी दुसरंच ऐकतोय.

माकडटोपी. भडंग. म्हातारा. स्कार्फ. एकेक करून सगळं. निवेदिका हसत होती, मग हसायची थांबली. "युअर पुअर डॅड," म्हणाली. हा म्हणतो, "थँक यू."

मंदारचे वडील कोथरूडमध्ये आहेत. रोज सकाळी टेकडीवर जातात. ठणठणीत!

इरा ओल्या केसांनी येऊन बसली तेव्हा शेवट चालू होता. म्हणाली, "बाबा, दॅट्स आजोबाज स्टोरी. व्हाय इज मंदारकाका सेइंग इट?"

गाडी सुरू केली.

१ फेब्रु., रविवार

जिंकला. नोएलने ग्रुपवर टाकलं. हिरवी हृदयं, रडके चेहरे, शंभर अभिनंदनं. एक जण लिहितो, तुझे वडील वरून बघत असतील. वरून! चौथ्या मजल्यावरून बघत असतील, कोथरूडच्या.

मं.चे सात मिस्ड कॉल. उचलले नाहीत. जेवलो नाही. अनुजा म्हणाली, बोलून टाक त्याच्याशी. म्हटलं, चोराशी काय बोलायचं?

२ फेब्रु., सोमवार. सेंट ब्रिजिडची सुट्टी

मं. दारात. हातात श्रीखंडाचा डबा. लाज बघा.

आत घेतलं नाही. दारातच उभा राहून सांगत होता. गेल्या सोमवारी नोएलचाच फोन आला म्हणे. "ते भडंगवाले तुझे वडील ना? रेडिओवर येशील का?" नोएलच्या डोक्यात आम्ही दोघं म्हणजे एकच. शेजारी बसलेले दोन इंडियन, सांगितलं कुणी हे कोण लक्षात ठेवतं? मं. म्हणतो, नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो निघून गेलं. मग मागे फिरता येईना.

"पाच दिवस होते तुझ्याकडे. फोन करता येत होता."

त्याने डबा या हातातून त्या हातात घेतला.

"आणि जिवंत बापाला मारलंस तू, मंदार."

त्यावर मान खाली घालून म्हणाला, "सहा वर्षं आम्ही बोललेलो नाही, अज्या. माझ्याकडे असलं काही नाहीच आहे."

मला दया आली नाही. यायला हवी होती का? नाही आली.

वर म्हणतो, "दुसरं तिकीट तुझंच आहे. तुलाच नेणार." म्हणजे माझ्या बापाच्या जिवावर मिळवलेल्या तिकिटाचं मलाच आमंत्रण. दार लावून घेतलं. डबा पायरीवर ठेवून गेला. अनुजाने आत आणून प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, कोंबला, फ्रिजमध्येही नाही. तिचाही राग तेवढाच असावा.

७ फेब्रु., शनिवार

नोएलकडे गेलो. सांगून टाकलं सगळं. त्याचा चेहरा पांढरा पडला. "मी तर मेलो लाजेने," तीनदा म्हणाला. मग हळूच: "पण तुझी खात्री आहे ना? त्यालाही सगळं बारीकसारीक ठाऊक होतं रे."

खात्री आहे ना! माझ्याच बापाबद्दल.

मग चहा. तो झाल्याशिवाय इथे माफी पूर्ण होत नाही. शेवटी म्हणाला, तू म्हणशील तसं करतो. तिकिटं काढून घेतो, ग्रुपवर लिहितो, रेडिओला कळवतो. फक्त तू सांग. म्हणजे सुरी माझ्या हातात देऊन हा मोकळा झाला. विचार करून कळवतो म्हणालो आणि वर "नो बॉदर, ग्रँड", म्हणजे सगळं ठीक आहे, असंही म्हणालो. इथे राहून ही एक वाईट सवय लागली. काही ग्रँड नव्हतं.

१२ फेब्रु., गुरुवार

आज वेबसाइटवर ते परत ऐकलं. शिव्या घालण्यासाठी मुद्दे हवे होते. त्या दिवशी पार्किंगमध्ये अर्धं ऐकूच आलं नव्हतं, कान भणभणत होते.

सातव्या मिनिटाला मं. सांगतो: हाफटाइमला वडील मला म्हणाले, अकरा वर्षं मी गोलमध्ये उभा राहिलो, तू एकाही मॅचला आला नाहीस. आज तूच मला घेऊन आलायस. वुई आर लेव्हल नाऊ.

हे मी बसमध्ये सांगितलं नव्हतं.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. अनुजालाही नाही. लहानपणी एकही मॅच बघायला गेलो नाही मी. लोक कीपरला आईवरून ओरडायचे, ते मला ऐकवायचं नाही. अण्णांना सांगायचो, ट्यूशन आहे. दर रविवारी ट्यूशन. त्यांनी कधी विचारलं नाही की रविवारी कुठली ट्यूशन असते.

हाफटाइमला मी चहा आणायला गेलो होतो. रांग मोठी होती. तेवढ्यात अण्णा मं.ला म्हणाले असणार.

चारदा ऐकलं.

१३ फेब्रु., शुक्रवार

आईला फोन केला. अण्णा कधी म्हणाले होते का गं, मी मॅचला यायचो नाही म्हणून?

"तुझ्याम्होरं कसं म्हनतील? मला म्हनायचे. घरी आल्यावर बूट सोडताना. पोराला आवड न्हाई, म्हनायचे, बळंच कशाला." मग तिनेच विचारलं, "का रं? त्यो मंदार काय म्हनतुय? लई चांगलं पोरगं हाय बघ. मैताच्या दिसांत त्येचा रोज फोन असायचा मला."

रोज? मला हे माहीत नव्हतं. आईला काही सांगितलं नाही.

१५ फेब्रु., रविवार

अण्णा मराठीत म्हणाले असणार. त्याने इंग्रजी केलं. मी ते परत कोल्हापुरीत न्यायला बघतोय.

अकरा वर्सं गोलात हुबा ऱ्हायलो...

नाही जमत. हे माझं कोल्हापुरी आहे, पुण्यात शिकून बोथट झालेलं. अण्णा "फिटलं" म्हणाले असतील की "बरुबर झालं"? हसून म्हणाले की नुसतेच? भडंग खात? मैदानाकडे बघत?

हे फक्त एका माणसाला ठाऊक आहे.

२४ फेब्रु., मंगळवार

कँटीनमध्ये मं. आता खिडकीपाशी एकटा बसतो. आज तोंड अगदी उतरलेलं. शेजारच्या टेबलावर कळलं, क्लिप फिरत फिरत कोथरूडला पोचली म्हणे. चुलतभावाने पाठवली. वडिलांनी स्वतःचं मरण इंग्रजीत ऐकलं. सहा वर्षांनी त्यांचा फोन आला तो हे विचारायला की, "मी कधी गेलो?"

ऐकून आधी हसू फुटलं. बरी जिरली असं वाटलं. पाच मिनिटं टिकलं ते.

५ मार्च, गुरुवार

पासपोर्ट परत आला. व्हिसा मिळाला. चार दिवसांचा. फोटोत मी गुन्हेगारासारखा दिसतोय.

नोएलचा मेसेज: तिकिटांवर नावं घालायचीत, मंगळवार संध्याकाळपर्यंत सांग. काय करायचं ठरवलंस?

इराने वाचलं. "आर यू गोइंग विथ हिम?" माहीत नाही म्हटलं. "ही शुड से सॉरी ऑन द रेडिओ," म्हणाली. अकरा वर्षांच्या मुलीचा न्याय सरळ असतो. मलाही तसाच पाहिजे होता, महिन्यापूर्वी.

८ मार्च, रविवार

दुपारी मं.ला गाठलं. मीच गेलो. तो कंपनीच्या इंडस्ट्रियल एस्टेटच्या पार्किंगमध्ये गाडीत नुसता बसला होता, कामाचा दिवस नसताना. काच खाली केली.

ठरवून गेलो होतो की आवाज चढवायचा नाही. विचारलं, हाफटाइमला अण्णा तुला खरंच तसं म्हणाले?

"हो."

"कसं म्हणाले? त्यांच्या शब्दांत सांग."

त्याने स्टिअरिंगवरचे हात काढले. म्हणाला, "रेडिओवर सांगितलं ते निम्मं होतं. पुढे आणखी एक वाक्य होतं. तुझ्याबद्दल. ते नाही सांगितलं मी, तेवढं तरी चोरलं नाही." आणि मग, "तुला सांगायचंच होतं. अण्णा गेल्यावर सांगणार होतो, तेव्हा धीर झाला नाही. आता सांगू?"

आणि मी काय म्हणालो? एवढ्यासाठी गेलो होतो ना मी, पाय ओढत? पण तो "अण्णा" म्हणाला आणि माझं टाळकंच फिरलं. कुणाचे अण्णा? म्हटलं, "नको. तुझ्या तोंडून नको."

निघून आलो. राउंडअबाउटला दोन फेऱ्या मारल्या, परत वळावं म्हणून. वळलो नाही.

अनुजा म्हणते, तिकिटाचं सोड, निदान फोन करून ते वाक्य विचार. बरोबर आहे तिचं. नोएलला "त्याचं नाव काढून टाक" असं लिहिलं, खोडलं. "दोघांची नावं घाल" असं लिहिलं, तेही खोडलं. मंगळवारपर्यंत वेळ आहे.

माझ्या बापाचं एक वाक्य मी अजून ऐकलेलं नाही, आणि ते ज्याच्याकडे आहे त्याचं तोंड मला बघवत नाही.